कडेची जागा

नर्मदाबाईंनी त्या साली हुरड्याला माणसं बोलावली, त्यात त्यांचा फायदा काय होता हे आधी मांडून ठेवलेलं बरं. कारण दिवसभर त्या "मला काय करायचंय बाई, तुमचं तुमी बगा" असं इतक्या वेळा म्हणाल्या, की लिंबाजीसारख्या मुरलेल्या सालगड्यालासुद्धा ते खरं वाटलं.

जिंतूरहून पेडगावच्या या घरात त्या आल्या, त्याला एकतीस वर्षं झाली होती. येताना जे काही सोबत आणलं त्यात सगळ्यांत नावाजलेला जिन्नस म्हणजे त्यांचं नाक. सरळ, बारीक, चाफेकळी. आणि सासरी काय? व्यंकटरावांचं नाक भुवयांच्या मधून निघायचं, अर्ध्या वाटेवर बैलासारखं वशिंड काढायचं आणि मग ओठाकडं वाकायचं. चार लेकरं झाली. जन्मताना सगळ्यांचीच नाकं बसकी, त्यामुळं दर वेळी आशा असायची. पण बारावं-तेरावं वर्ष लागलं की मधलं हाड वर यायचं आणि नर्मदाबाई मनातल्या मनात एक रेघ नवऱ्याच्या बाजूला ओढायच्या. चार लेकरं, चार रेघा. आपल्या बाजूला एकही नाही.

संक्रांतीच्या आधी धाकटी कस्तुरा सुट्टीला घरी आली होती. ती सेलूच्या बँकेत लिपिक, तिथंच खोली करून राहायची, वय चोवीस. तिच्या पर्समध्ये सुई शोधताना नर्मदाबाईंना एक फोटो सापडला. कस्तुराचाच, पण कडेनं काढलेला. नाकाच्या वशिंडावरून कुणीतरी पेन्सिलीनं एक रेघ मारलेली होती. ती रेघ कशी? सरळ, बारीक. नर्मदाबाईंनी फोटो खिडकीशी धरला, तर त्यांना त्या रेघेत स्वतःचं नाक दिसलं. सोबत घडी घातलेला औरंगाबादच्या एका दवाखान्याचा कागद होता. खाली ‘नातेवाईकाची सही किंवा अंगठा’ असं छापलेलं आणि पुढं मोकळी जागा.

म्हणजे चौथी रेघ पुसली जाणार होती. एक नाक त्यांच्या बाजूला येणार होतं.

आता "पोरीला करू द्या" असं त्या स्वतः म्हणाल्या असत्या, तर व्यंकटरावांनी त्याच दमात नकार दिला असता. घरात हवं ते पदरात पाडायचं तर आधी भांडण लावावं आणि आपण चटणी वाटत बसावं, हे त्यांना एकतीस वर्षांत कळलेलं होतं. त्यांनी वालूरला नणंदेला पत्र टाकलं, परभणीला दिराला निरोप धाडला. हुरडा आलाय, या.

*

"नर्मदे, एकतीस वर्षांत तुझं हे पयलं पत्र," आगटीजवळ बसकण मारत धुरपताबाई म्हणाल्या. त्या व्यंकटरावांहून दोन वर्षांनी थोरल्या, आणि नाकानंही किंचित थोरल्याच. "तवाच म्या वळखलं, हुरडा नुसता ज्वारीचा न्हाई."

"काहीतरीच आक्का तुमचं. बसा. दही घ्या."

लिंबाजीनं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली होती. गरम कणीस हातावर चोळून तो हिरवे दाणे ताटात पाडत होता. धुरपताबाईंचा रंगनाथ औरंगाबादला कान-नाक-घशाची डॉक्टरी शिकत होता, तोही आईसोबत आला होता. धाकटे दीर बन्सीधर गळ्यात नवा कॅमेरा अडकवून आले होते. तो घेतल्यापासून त्यांनी जेवणाआधी ताटाचासुद्धा फोटो काढायला सुरुवात केली होती.

सगळ्यांचे हात काजळीनं काळे झाले, तोंडं गुळानं गोड झाली, तेव्हा नर्मदाबाईंनी पदराखालून फोटो काढून नवऱ्यासमोर ठेवला.

"हे बगा तुमच्या लेकीचं. मला काय करायचंय."

"आई! माझी पर्स उघडलीस?" कस्तुरा ताडकन उठली. पण तोवर फोटो व्यंकटरावांच्या हातात गेला होता, आणि त्यांच्या हातातली वस्तू ओढून घ्यायची या घरात रीत नव्हती.

"ही रेघ कशाची?"

कस्तुरानं एकदा रंगनाथकडं पाहिलं. रंगनाथ बोरं मोजत होता.

"डॉक्टरांनी मारलीय दादा," ती म्हणाली. "ऑपरेशनची. त्या रेघेपर्यंत नाक कमी करतात."

"कमी? जमीन कमी करतेत त्याला सीलिंग म्हनतेत. आता नाकाला बी सीलिंग आलं का?"

बन्सीधर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पन कस्तुरे, प्लास्टिक सर्जरी म्हंजी प्लास्टिकचंच बसवायलेत न? आपल्याकडचं ऊन बगितलंस का? वैशाखात पेडगाव टेसनावर उतरशील तवर नाक हनुवटीवर आलं असंल."

"प्लास्टिक नसतं हो काका!"

"रंगनाथ, तू सांग," व्यंकटराव म्हणाले. "खुलासा कर. डॉक्टर म्हनून कर, भाचा म्हनून नगं."

रंगनाथनं बोरं खाली ठेवली. त्याची अडचण अशी, की दोन महिन्यांमागं कस्तुराला त्या सर्जनकडं नेणारा तोच होता आणि हे त्यानं आईला सांगितलेलं नव्हतं.

"मामा, भूल देतेत. नाकाच्या आतून चिरा घेतेत, म्हनून वरून काही दिसत न्हाई. वर आलेलं हाड घासायचं, मग दोन्ही अंगाचं हाड हलकं फोडून जवळ आणायचं. वरून प्लास्टर, आठ-नऊ दिस."

"हाड फोडायलेत!" धुरपताबाईंनी कपाळाला हात लावला. कपाळावर पाच काळी बोटं उमटली. "आपल्याच हातानं, पैसे देऊन!"

"डोळ्याखाली काळंनिळं होतं, दोन आठवडे. नाक चोंदतं, तोंडानं श्वास घ्यावा लागतो. वास काही दिवस कमी येतो. प्लास्टर काढलं की आधी सुजलेलं, मोठंच दिसतं. सूज बरीचशी महिना-दीड महिन्यात जाती, पन नाक पुरतं बसायला वरीस लागतं. आन दहातल्या एखाद्याला पुन्हा करावं लागतं. हे सगळं हिला सांगितलंय त्यांनी."

"आन येवढं करून दिसंल कसं? फोटोत हाय तसं?" हा प्रश्न नर्मदाबाईंनी चटणीच्या वाटीकडं बघत विचारला.

"साधारण. मामी, बोट दाखवलं ते नाक देत न्हाईत. आहे त्याच नाकातून काढतेत."

नर्मदाबाईंना हे उत्तर आवडलं नाही, म्हणून त्यांनी ते ऐकलं नाही.

"त्यांनी मला विचारलं, कुणासाठी करतीस?" कस्तुरा म्हणाली. "म्हणाले, लग्न जमंल, नशीब फिरंल असं मी काही लिहून देत न्हाई. तीन महिने विचार कर, आन घरच्या एकाची सही घेऊन ये. एकाची तरी. सही न्हाई तर ऑपरेशन न्हाई." तिनं कागद बाहेर काढला आणि तो कुणासमोर ठेवावा ते न कळून हातातच धरून ठेवला.

"मग काय सांगितलंस त्यांना? कुणासाठी?" व्यंकटरावांनी विचारलं.

कस्तुरानं कागदाची घडी घातली आणि ती परत खाली बसली. ती बसली होती आगटीच्या अगदी कडेला, बोरीच्या बुंध्याला खांदा लावून, ओढणी एका गालावर ओढून. ती नेहमी तशीच बसायची आणि ते कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

*

व्यंकटरावांना राग आला होता, पण त्या रागाला कुठून धरावं ते त्यांना कळत नव्हतं. पैसे पोरीचे, पगार तिचा. नाक मात्र तिचं एकटीचं नव्हतं. ते म्हणाले, "आबांची गोष्ट इसरलात का समदे?"

कुणीच विसरलं नव्हतं, पण ती ऐकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. रझाकारांच्या वक्ताला आबा, म्हणजे व्यंकटरावांचे वडील, दीड वर्ष सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात होते. परत आले ते दाढी वाढवून, अंगावर बैराग्याची कफनी. तिन्हीसांजेला दार वाजवलं तर घरच्यांनी आतून आडसर घातला. आबांच्या म्हाताऱ्या आईनं फटीतून पाहिलं. बाहेर बैरागी निघून जायला वळला, आणि मावळतीसमोर ते नाक कडेनं दिसलं. म्हातारीनं आडसर फेकून दिला.

"नाक नसतं तर आबा उपाशी माघारी गेले असते," व्यंकटराव म्हणाले.

"दादा, आता रझाकार कुठं हायेत?" बन्सीधर म्हणाले.

"तू गप. रंगनाथ, ह्या रेघंनं किती जातंय? नीट सांग."

"तीन-चार मिलीमीटर."

"मराठीत सांग."

रंगनाथनं ताटातला एक हिरवा दाणा उचलला आणि मामाच्या तळहातावर ठेवला. "येवढं."

सगळे वाकून बघायला लागले. दाणा काळ्या तळहातावर मणी ठेवावा तसा बसला होता. व्यंकटरावांनी तो बोटानं इकडं लोटला, तिकडं लोटला. मोठं काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी छाती भरून घेतली होती, ती तशीच राहिली. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी दाणा तोंडात टाकला.

इथून पुढं जे झालं ते शेतकऱ्याच्याच घरात होऊ शकतं. दाणाभर जाणार म्हटल्यावर व्यंकटरावांचं ‘द्यावं का’ संपलं आणि ‘कुठून द्यावं’ सुरू झालं. त्यांनी फोटो मांडीवर घेतला. "ही रेघच चुकीची मारलीया. बांध असा आतून कोरतेत व्हय? हितून घ्याय पायजे," म्हणून त्यांनी काळ्या नखानं सर्जनच्या रेघेबाहेर दुसरी रेघ ओढली. धुरपताबाईंनी फोटो हिसकावला. "तुला काय कळतंय, शेंडा खाली आलाय तो बग की," म्हणत थुंकीनं ओलं बोट लावून शेंडा पुसला. बन्सीधरांनी कोळशाचा तुकडा घेऊन तो परत काढला आणि खाली मिशीही काढली. नर्मदाबाई म्हणाल्या, "मला काय करायचंय," आणि जाता जाता करंगळीनं रेघ चांगली दोन दाणे आत घेतली.

"आई, एवढं घेतल्यावर श्वास कुठून घेऊ?" कस्तुरा ओरडली.

फोटो तिच्याकडं परत आला तेव्हा कपाळ होतं, हनुवटी होती, आणि मध्ये पाची बोटांची काजळी.

"झालं? मिटला बांध?" ती म्हणाली. तिला रडू यायला लागलं आणि त्यातच मिशी दिसली, त्यामुळं नीट रडताही येईना. "एकच फोटो होता. त्यांनी मारलेली रेघ होती त्याच्यावर."

पण धुरपताबाईंचं अजून संपलं नव्हतं. "मला इचारशील तर कस्तुरे, हे माह्यानं बगवत न्हाई. चार भाचरांत एकट्या तुह्यावर माझं नाक बरुबर उतरलंय. मी मेल्यावर वालूरचे लोक तुला बगून म्हनले असते, धुरपता आली. ते बी तू कापून टाकायलीस. मी सही देनार न्हाई, आन माह्या लेकाला देऊ देनार न्हाई."

रंगनाथ पुन्हा बोरं मोजायला लागला.

नर्मदाबाईंच्या हातातला वरवंटा थांबला. त्यांचा डाव असा नव्हता. भांडण त्यांना हवं होतं, पण ते नणंदेनं जिंकायला नको होतं.

"आक्का," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "नाक तुमाला येवढं गोड हाय, तर रंगनाथसाठी कस्तुराला मागितली कामून न्हाई? मामाची पोर, हक्काची. आमी दोन साल वाट बगितली. तुमी मानवतहून सून आनली. तिचं नाक तर, देवाशपथ, हुडकावं लागतं."

आगटीत एक कणीस फुटलं. लिंबाजीला अचानक बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली आणि तो उठून गेला. धुरपताबाई चोळून झालेलं कणीस पुन्हा चोळायला लागल्या.

*

"चला चला," बन्सीधर उठले. मिशी काढल्याचं त्यांना आता बोचत होतं. "कस्तुरे, तुझा फोटो मी नवा काढून देतो. कडेनं, जसा पायजे तसा. आधी सगळ्यांचा एक काढू. उजेड चांगला हाय. दादा मधी या. वैनी, तुमी दादाच्या शेजारी."

माणसं बोरीपुढं ओळीनं उभी राहायला लागली. कस्तुरा कपडे झाडून ओळीच्या डाव्या टोकाला गेली आणि तिथं कुणालातरी धडकली.

"सरक आत्या. मी हितं उभी राहते."

"तू सरक. ही माझी जागा."

"तू मोठी हायेस, मधी उभी ऱ्हा की."

"मला कडंलाच बरं वाटतं."

"मला पण."

"कस्तुरे, मधी हो म्हनले न! मला कडंलाच—" धुरपताबाईंनी पदर उजव्या गालावर ओढला. त्याच वेळी कस्तुरानं ओढणी उजव्या गालावर ओढली. दोघींचे हात एकदमच वर गेले आणि एकदमच थांबले.

बन्सीधरांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला. "काय झालं?"

धुरपताबाई भाचीकडं बघत होत्या. चाळीस-बेचाळीस वर्षांचे फोटो त्यांना आठवायला लागले. लग्नातला, रंगनाथच्या जावळाचा, नवऱ्याच्या साठीचा. सगळ्यांत त्या कडेला, तोंड सरळ समोर, पदर एका बाजूनं पुढं.

"कडंला उभं ऱ्हायलं," त्या सावकाश म्हणाल्या, "की..."

"...एकच बाजू सांभाळावी लागती," कस्तुरा म्हणाली.

"बँकेत बी?"

"बँकेत खिडकी हाय. समोरून दिसायला काय न्हाई. पन रजिस्टर काढाय वळले की... बसमध्ये सगळ्यांत मागची खिडकी धरते. गर्दीत बी. आत्या, मला स्थळासाठी करायचं न्हाई. मला मधी बसायचंय."

धुरपताबाईंनी नाकानं एक मोठा श्वास घेतला. त्या नाकात हवा पुष्कळ मावायची.

"नर्मदा खरं बोलली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मागितली न्हाई मी हिला. पोरगी लाखाची हाय, पन रोज सकाळी उठून मला माझंच तोंड कडंनं बगावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली न्हाई. आन तो कागद."

"आक्का, तू?" व्यंकटराव म्हणाले.

"घरच्याची सही पायजे न? मग घर मीच हाय. तुह्याहून दोन वर्षं आधीपासून."

"आत्या, शाईचं पॅड न्हाई हितं. सेलूला बँकेत—"

"आन हे काय गोरं हाय?" धुरपताबाईंनी अंगठा वर केला. हुरड्याच्या काजळीनं तो पुरता काळा झाला होता. कस्तुरानं पाठ पुढं केली, त्यांनी तिच्या पाठीवर कागद ठेवला आणि मोकळ्या जागेत अंगठा असा दाबला की कस्तुरा पुढं झुकली.

"हळू आत्या!"

"हाड फोडून घ्यायली न? मग येवढ्यानं काय कुईकुई करतीस?"

सगळ्यांत आधी हसले ते व्यंकटराव. त्यांनी परवानगी दिली नाही, हे त्यांनी पुढं आयुष्यभर सांगितलं. पण हसले, हे लिंबाजीनं गोठ्यातून ऐकलं.

*

फाल्गुनात कस्तुरा आणि धुरपताबाई देवगाव फाट्यावरून औरंगाबादच्या बसमध्ये बसल्या. पुढचं सगळं रंगनाथनं सांगितल्यासारखंच झालं. डोळ्यांखाली दोन जांभळं फुटल्यासारखं झालं. आत्या तिला पेज भरवताना म्हणायच्या, "तोंड उघडं ठेव, श्वास बी त्याच दारानं घ्यायचाय." नवव्या दिवशी प्लास्टर निघालं, तेव्हा नर्मदाबाई उभ्या होत्याच. त्या किंचाळल्या, "आगं बाई, हे तर आनिक मोठं झालं!" आधी मोठं दिसतं हे भर हुरड्यात सांगितलं होतं, पण सांगितलेलं फुकट असतं, म्हणून कुणी जपून ठेवत नाही.

दिवाळीपर्यंत नाक बसलं. सरळ झालं, पण अगदी पेन्सिलीसारखं नाही. मध्यावर बोट फिरवलं तर अर्धा दाणा अजून लागायचा. नर्मदाबाईंनी ते समोरून पाहिलं, कडेनं पाहिलं, समईच्या उजेडात पाहिलं. जिंतूरचं नव्हतं. पेडगावचंही म्हणता येईना. आणि गावात? गावात कुणाच्याच काही ध्यानात आलं नाही. बँकेतले लोक म्हणायचे, "मॅडम, चष्मा बदलला का?" कस्तुरा चष्मा लावत नव्हती. ती नुसती हसायची आणि रजिस्टर काढायला सावकाश वळायची.

पुढच्या पौषात पुन्हा हुरडा झाला. बन्सीधरांनी पुन्हा ओळ लावली. धुरपताबाई आपल्या कडेला गेल्या, आता जागेला दुसरी वाटेकरीण नव्हती. पण कस्तुरानं जाऊन त्यांचा हात धरला आणि ओढत मध्ये आणलं. "आगं सोड, सटवे," म्हणून आत्या तिच्याकडं वळल्या आणि तेवढ्यात खटका वाजला.

त्या दाणाभर हाडापायी कुणी काय भरलं, ते आता सांगून टाकू. दवाखान्याचे पैसे कस्तुरानं आपल्या पगारातून भरले, आणि वर एक महिना तिला शेपूभाजीचा वास आला नाही, पण त्याला ती खर्च मानत नाही. व्यंकटरावांनी ऑपरेशनपासून अकरा दिवस अबोला भरला आणि बाराव्या दिवशी ज्वारीचं पोतं घेऊन औरंगाबादला गेले. सर्जनला म्हणाले, "पोत्यातला एक दाना कमी हाय, तो तुमच्याकडं आधीच आलाय." रंगनाथनं आईच्या दोन शिव्या भरल्या. धुरपताबाईंची कडेची जागा गेली. त्या फोटोत त्या बरोबर मध्ये आहेत, कडेनं, तोंड उघडं, आणि नाक सगळंच्या सगळं, वशिंडासकट. त्यांनी त्याची मोठी प्रत काढून घेतली आणि वालूरला बैठकीत लावली.

आणि नर्मदाबाई? आत्या मध्ये आल्यावर ओळ एक माणूस सरकली. सरकत सरकत त्या पार टोकाला गेल्या. बन्सीधरांचा कॅमेरा नवा, पण हात जुनाच. फोटोत त्यांचं लुगडं आलंय, कान आलाय, एक डोळा आलाय. चाफेकळी तेवढी चौकटीबाहेर राहिली.